त्या दाराला कडी आहे का?

ती. वन्सं यांस,

...आणि दूध उतू गेलं ते नेमकं त्याच वेळी. मी मोरीत बसून पडद्यांचं कापड पिळत होते (गिऱ्हाइकाचं, शिवण्याआधी पाण्यातून काढलं नाही तर पुढे आटतं आणि बोलणी मला बसतात). केर काढून झाला होता, डाळ भिजत घातली होती, आणि तुमच्या भावाला एकच काम दिलं होतं, दुधाकडे बघण्याचं. ते वर्तमानपत्राकडे बघत होते. एकदम ओरडले, "अगं, ते घर खरंच आहे! लोक बघायला जातात!" दूध शेगडीवरून ओट्यावर, ओट्यावरून खाली, आणि हा माणूस त्यात पाय ठेवून उभा. "थंडी पडली की जायचं," म्हणाले. मी म्हटलं, आधी पाय उचला.

बघा, नमस्कार राहूनच गेला. तो आता घ्या. तुमची कंबर कशी आहे? भावोजींनी कानाचं यंत्र बसवलं का, की ऐकू न येणंच त्यांना अजून सोयीचं वाटतंय? इकडे सगळे बरे. मीही बरी आहे. (लिहायची रीत म्हणून नव्हे, खरंच. खाते, शिवते, वाचते. संध्याकाळी चहा मात्र अजून दोन कप टाकला जातो. दुसरा सुनेला देते. तिला चहा आवडत नाही, पण बिचारी पिते.)

तर ते घर. साडेआठच्या आपल्या मालिकेत त्या घराचं दार कुणीही केव्हाही ढकलून आत येतं, हे तुम्हाला मी काय सांगायचं. सून रडत असली की सासू येते, सासू विष कालवत असली की सून येते, आणि घरात कुणी मेल्याचा शोक चालला असला तर मेलेला स्वतःच येतो. तुमच्या भावाचं म्हणणं, त्या दाराला कडीच नाही. तुमचं म्हणणं, कडी आहे, पण ती लावली तर मालिका चालणार कशी? भाग संपला की तुमचा फोन वाजायचा आणि तुम्ही बहीणभाऊ या कडीवरून असे भांडायचात की जणू घर तुमच्या बापाचं आणि वाटण्या व्हायच्यात. मला कुणी विचारलं नाही. मी शेजारी पुस्तक घेऊन बसत असे आणि मनात म्हणत असे, लागू दे एकदा आग त्या घराला.

थंडी पडली. त्या थंडीत काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. त्यानंतर भाग संपतो आणि फोन वाजत नाही.

परवा आमच्या चिरंजीवांनी माझ्या हातात एक पाकीट ठेवलं. वर घराचं चित्र, आत दोन दिवसांची सहल, मी आणि सून. "आई, बाबांच्या मालिकेचं घर. बाबांना जायचं होतं ना?" मी चष्मा लावला. फाटक निळं, अंगणात झोपाळा. वन्सं, ते आपलं घरच नव्हे! ते सातच्या मालिकेतलं. सासू दोन्हीकडे तीच बाई आहे, दोन्हीकडे तेच नाक फुगवते, म्हणून पोराची गल्लत झाली. आयुष्यात कधी आमच्याजवळ बसून एक भाग बघितला असेल तर शपथ. पण 'बाबा' हा शब्द या घरात फार दिवसांनी कुणी मोठ्याने उच्चारला होता. मी म्हटलं, "हो रे, हेच ते."

दुसऱ्या दिवशी सहलवाल्याचं दुकान गाठलं. चपला दुरुस्त करणाऱ्याच्या वरच्या मजल्यावर एक खोली, तीन खुर्च्या, त्यातली एक मोडकी, आणि मला तीच दिली. मी म्हटलं, बाबा रे, घर बदलून दे. त्याने संगणकाच्या यंत्रात डोकं घातलं आणि विचारलं, "काकू, तुम्हाला त्या घराचं काय काय बघायचंय?"

आता घराचं काय काय म्हणजे? घर म्हणजे घर!

"तसं नसतं ना. दार एका गावाला आहे. दिवाणखाना शहराबाहेरच्या गोदामात. जिना धरणाजवळच्या बंगल्यात. आणि स्वयंपाकघरात आता पोलीस ठाणं झालंय."

"खरं?"

"नाही हो, दुसऱ्या मालिकेतलं."

म्हणजे घंटा वाजली की ती सून हात पुसत स्वयंपाकघरातून दाराशी येते ना, ती तीन बसगाड्या बदलून येते. उगाच नाही तिचं तोंड कायम आंबलेलं. आणि आपण दोघी तिला आळशी म्हणत होतो.

मी विचारलं, मग त्या दाराच्या आत काय आहे? म्हणाला, दातांचे डॉक्टर. दार त्यांच्या घराचं. लोक येतात, दारापुढे उभे राहून फोटो काढतात, आणि डॉक्टर इतके गोड बोलतात की एखादा जाताना दाढही काढून घेतो. एवढी माहिती असलेल्या माणसाला म्हटलं विचारून टाकावं. "त्या दाराला कडी आहे का हो?" त्याने यंत्रातून डोकं बाहेर काढून माझ्याकडे पाहिलं. "काकू, हे मला आजवर कुणीच विचारलं नाही." तुमच्या भावाला बक्षीस मिळाल्यासारखी माझी मान ताठ झाली. (त्यांना उभ्या जन्मात एकच बक्षीस मिळालं, तेही चमचा-लिंबूच्या शर्यतीत, आणि तुम्ही अजून म्हणता की त्यांनी लिंबाला अंगठा लावला होता.)

असा सगळा खटाटोप. या वयात एका दारासाठी कुठे बसगाड्यांतून हाडं खिळखिळी करून घ्यायची? मी न जायचंच ठरवलं आहे. माणसाने घरी बसावं, चार पुस्तकं वाचावीत. भावोजींना नमस्कार सांगा (मोठ्याने).

तुमची,
भावजय

ता. क. : घरी बसायचं वगैरे लिहिलं ते वाचायला बरं दिसतं म्हणून. सहल मी दाराच्या गावाची करून घेतली आहे. मुलाला काय सांगू, म्हटल्यावर सहलवाला म्हणाला, "माझी चूक म्हणून सांगा, काकू. मला सवय आहे." आणि पुस्तकाचंही खरं सांगते. साडेआठला ते मांडीवर असतं, पण पान उलटत नाही. एकही भाग चुकवलेला नाही मी.

आणखी ता. क. : दुसऱ्या जागेवर तुम्ही या. सून यायला तयार आहे, रजाही काढील, पण ती मला जपेल. दर दहा मिनिटांनी पाणी देईल. या घरात त्यांचा विषय निघाला की सगळे आवाज खाली आणतात, जणू पलीकडच्या खोलीत ते झोपलेत. त्यांच्याशी अजून भांडण शिल्लक असलेलं माणूस एकच आहे, तुम्ही. तुम्हाला फोन घेववत नाही, हे मला कळतं. दर वेळी भावोजी उचलतात, हॅलो हॅलो करतात आणि कुणी बोलत नाही म्हणून ठेवून देतात. मी बोलत असते, वन्सं. त्या दारापुढे उभं राहून ते काय म्हणाले असते ते मला एकटीला नाही सांगता येणार. अर्धं तुम्हाला माहीत आहे.

शेवटचं (बसमध्ये लिहिते आहे, अक्षराला हसू नका) : काल हे लिहून झाल्यावर लक्षात आलं की तुम्ही उत्तर पाठवणार नाही. तेव्हा आज सकाळी सुनेच्या हातात चाव्या दिल्या, पत्र पेटीत न टाकता पिशवीत टाकलं, आणि तुमच्या गावाची बस धरली.