बाहेरून कडी असलेले घर

मी, खाली सही करणारा, वय वर्षे बाहत्तर, पूर्वी विमा कचेरीत कारकून आणि आजन्म स्वतःच्या घराचा सुतार, गवंडी, रंगारी व नळवाला, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. उजवा पाय प्लास्टरमध्ये आहे, डोके नाही. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी ‘डोके शाबूत’ एवढेच लिहायचे होते. ‘पण हट्टी’ हे त्यांनी पदरचे घातले आहे. यापूर्वी केलेले मृत्युपत्र मी याद्वारे रद्द करतो. का, ते पुढे येईलच.

कलम १. हत्यारे. करवत, रंधा, थाप्या, पाने, पाणसळ आणि ड्रिल मशीन ही सर्व माझ्या पत्नीस मिळावीत. शिडी तेवढी मुलाला. ती चढण्यासाठी नव्हे, धरण्यासाठी दिली आहे, हे त्याने लक्षात ठेवावे.

या हत्यारांपायी मी काय काय ऐकून घेतले, त्याची नोंद इथेच होऊन जाऊ दे. पहिल्यांदा घराला स्वतः रंग दिला तेव्हा गल्लीला वाटले, माझी नोकरी गेली. शेजारीण हळूच पत्नीला विचारून गेली, “घरात सगळं ठीक आहे ना?” कचेरीत साहेब म्हणाले, “अहो, तुम्ही थापी धरलीत तर गवंड्याने काय विमा विकायचा?” समोरचे मास्तर तर कायम फाटकात उभे. “स्वतः कशाला मरमर करता? माणूस लावा!” हे म्हणता म्हणताच त्यांनी माझे ड्रिल मशीन नेले, ते परत द्यायचे नाव कधी घेतले नाही. आणि आता? आता मुलाच्या वयाची माणसे सुट्टीच्या दिवशी फी भरून भिंतीला भोक पाडायला शिकतात आणि त्या भोकाचे फोटो जगभर पाठवतात. त्यांचा तो छंद. माझा तो चिक्कूपणा. असो.

कलम २. मेहुण्याविषयी. न्हाणीघराचे दार मी रंधून, रंगवून पुन्हा बसवले तेव्हा आतली बाजू बाहेर आली, म्हणजे कडीही बाहेर आली. पुन्हा काढले असते तर रंग उडाला असता. म्हणून आम्ही पद्धत पाडली: आत जाताना दारावर टॉवेल टाकायचा. घरच्यांना याचा काहीही त्रास नव्हता. मेहुणा राहायला आला, त्याला बजावून सांगितले, तरी पठ्ठ्या टॉवेल घेऊन आत गेला. जाता येता उघडी कडी दिसली की लावायची ही माझी सवय. मी ती लावली आणि आम्ही सगळे बाजारात गेलो. परत आलो तर स्वारी बादलीवर उभी राहून झरोक्यातून रस्त्यावरच्या लोकांना हाका मारत होती. तेव्हापासून सगळ्या नातेवाइकांत तो मला ‘जेलर’ म्हणतो. ती जुनी कडी, स्क्रूंसकट, मेहुण्यास द्यावी. त्याने ती दिवाणखान्यात लावावी नाहीतर डोक्यात घालून घ्यावी, माझी हरकत नाही.

कलम ३. बँकेतील ठेव व स्कूटर पत्नीस. स्कूटर चालू करताना ती डावीकडे किंचित कलती करावी लागते, हे तिला ठाऊक आहे.

कलम ४. घर. मागच्या मृत्युपत्रात मी घर मुलाच्या नावे केले होते आणि पत्नीस ‘हयातभर राहण्याचा हक्क’ ठेवला होता. मुलगा वाईट नाही. जेवताना त्याने शांतपणे विषय काढला होता. “बाबा, राग मानू नका, पण हे घर फक्त तुम्हालाच चालवता येतं. गरम पाणी गारच्या नळाला येतं. अंगणातल्या दिव्याचं बटण कपाटाच्या मागे. तुमच्यानंतर आई इथे एकटी कशी राहील? तिला आमच्याकडे नेऊ आणि हे विकून टाकू.” पत्नी समोर बसून वाढत होती. तिला कोणी काही विचारले नाही. मला त्याचे म्हणणे पटले, मी सही करून टाकली.

मग मी शिडीवरून पडलो. ती धरायला पत्नी जागेवर नव्हती, दळण आणायला गेली होती. दवाखान्यात लोक भेटायला येत ते माझी चौकशी कमी आणि तिची तक्रार जास्त करत. “तुम्ही इथे पडलेले आणि घरात ठोकाठोक चाललीय! बाईमाणसाने करायचं काम आहे का हे?” मला वाटले, फार तर एखादा खिळा ठोकला असेल.

घरी आलो. मुलाने धरून न्हाणीघरापाशी नेले. मी सवयीने टॉवेल दारावर टाकायला गेलो तर कडी आतल्या बाजूला. दार सरळ झालेले.

“अगं, हे दार कोणी फिरवलं?” मी ओरडलो.

“मी,” ती म्हणाली.

“कोणाला बोलावलं होतंस?”

“कोणाला कशाला? मास्तरांकडून आपलं मशीन आणलं आणि त्यांनाच दार धरायला उभं केलं. नळही बदललेत. बटण मात्र विजेवाल्याकडून पुढे आणून घेतलं. विजेशी मी खेळत नाही, तुमच्यासारखी.”

“आई, तुला हे सगळं कधीपासून येतं?” मुलाने विचारले.

“इतकी वर्षं शिडी धरून उभी होते. वर बघायला बंदी होती का?”

मी पाणसळ मागवून दाराला लावली. बुडबुडा बरोब्बर मधोमध; दार तसूभरही वाकडे नाही. माझ्या एकाही कामात तो कधी मधोमध आलेला नाही. आधी मला सपाटून राग आला. मग इतका आनंद झाला की मुलासमोरच डोळे पुसावे लागले. म्हणजे मी नसलो तरी तिचे अडणार नव्हते. इतके दिवस याच घोराने मला झोप नव्हती.

सबब हे घर, जमीन व त्यावरील माझ्या हातचे सर्व बरेवाईट काम संपूर्ण मालकीहक्काने माझ्या पत्नीस मिळावे. राहण्याचा हक्क वगैरे नाही, मालकी. ती विको, पाडो, भिंतीला हवी तितकी भोके पाडो. तिला कोणी ‘ठेवून घ्यायचे’ नाही. कोणाला ठेवायचे ते ती ठरवील. मुलाचे म्हणणे त्याला विचारले. तो म्हणाला, “लिहा. आणि आमच्याकडचा नळ गळतोय, आईला कधी वेळ आहे?”

कलम ५. हे कलम मी घालणार नव्हतो. वकीलबाईंनी मसुदा वाचला आणि म्हणाल्या, “काका, एक राहिलं. काकू तुमच्या आधी गेल्या तर?”

मी म्हटले, “छे! असं कसं होईल?”

“होऊ शकतं ना. एक ओळ लिहा, घर कोणाला ते.”

ती माझ्यामागे कशी राहील, याचा घोर मुलाने केला, गल्लीने केला, मीही केला. हा प्रश्न कोणालाच सुचला नव्हता. मी पेन उघडले, मिटले, पुन्हा उघडले. आतून ती दोनदा म्हणाली, “अहो, चहा गार होतोय.”

तर लिहितो. पत्नी माझ्या आधी गेल्यास घर मुलाला द्यावे, आणि ते त्याच दिवशी, माझ्या मरणाची वाट न पाहता. मृत्युपत्रात असे लिहिता येत नाही, असे वकीलबाई म्हणतात. तरी लिहितो. मुलाने मला तिथून घेऊन जावे. मी नको म्हणेन, आरडाओरडा करेन, ऐकू नये. तिच्यावाचून मला त्या घरात एक दिवसही राहता येणार नाही.

वरील सर्व मजकूर मी स्वतः वाचला, पत्नीने वाचला (कलम ५ सोडून), आणि राजीखुशीने सही केली.

स्थळ: आमचे स्वयंपाकघर
दिनांक: शिक्क्यावर आहे तो
सही: मृत्युपत्र करणार

साक्षीदार:
१. समोरचे मास्तर. (सही)
२. नाक्यावरचे नळवाले, ज्यांना या घराने आजवर एकही काम दिले नाही. (सही)