हिरवी की तपकिरी

खरवई, बदलापूर
गुरुवार

प्रिय अनंता,

साईनाथच्या हाती हे पाकीट पाठवतोय. भाताच्या शितांनी चिकटवलंय, उघडलेलं दिसलं तर लगेच कळव. खरं तर फोनच करणार होतो. तीनदा नंबर लावला आणि तीनदा बंद केला. तू फोन उचललास की आधी हसतोस, आणि तू हसलास की मला पुढचं बोलवत नाही. म्हणून लिहितोय. नववी नापास माणसाचं अक्षर आहे, सांभाळून घे. तुझ्या डाव्या डोळ्याच्या ऑपरेशनला अजून महिना झाला नाही, तेव्हा उन्हात बसून वाचू नकोस. कुमुदिनीवहिनींकडूनही वाचून घेऊ नकोस. सावकाश, एकट्याने वाच. रविवारी साईनाथच्या नोकरीचं जेवण आहे. तू यावंस असं मला फार वाटतं. पण येशील की नाही ते हे वाचून झाल्यावर ठरव.

आधी बातमी सांगतो. नातू साईनाथ ऐरोलीच्या टेलिफोनच्या कंपनीत लागला. आपल्या वेळचा टेलिफोन नव्हे. टॉवर, काचेच्या तारा आणि त्यातलं कॉम्प्युटरचं काम. तीन मुलाखती झाल्या. पहिली कॉम्प्युटरवरची परीक्षा, दुसरी घरूनच, स्क्रीनसमोर बसून. वर इस्त्रीचा शर्ट आणि खाली अर्धी चड्डी. मला ते बघवेना. मुलीने कुकर लावला होता, शिट्टी व्हायच्या आत मी गॅस बंद केला आणि दुपारी सगळ्यांनी कच्ची डाळ खाल्ली. तिसरी मुलाखत मात्र तिथे जाऊन द्यायची होती, आणि तारा हाताने जोडून दाखवायच्या होत्या. ते ऐकलं आणि मी त्याच्याबरोबर जायचं ठरवलं. कारण साईनाथच्या डोळ्यांचं माझ्यासारखंच आहे. मुलीकडून नातवाकडे येतं, असं डॉक्टर म्हणाले. हिरवं आणि तपकिरी त्यालाही एकच दिसतं.

तुला हे वेगळं सांगायला नको. जांभूळला तुमच्या परसात आपण पिकलेल्या मिरच्या तोडायला बसायचो. मी हिरव्याच तोडून टोपलीत टाकायचो आणि तुझी आई म्हणायची, ह्या सदूला डोळे आहेत की कवड्या. मग तू माझ्याजवळ सरकून बसायला लागलास. हात लाल मिरचीवर गेला की तू हळूच माझ्या पायावर पाय दाबायचास. कोणाला कधी कळलं नाही. तुझी आई सांगत सुटली, सदू सुधारला म्हणून.

तोच पाय आपण शहात्तर साली अंबरनाथच्या केबल कारखान्यात घेऊन गेलो. तू तुझ्या थोरल्या भावाची पँट घातली होतीस, कमरेला सुतळीने बांधलेली, आणि माझ्या चपलेचा अंगठा वाटेतच तुटला. चाळीस-पंचेचाळीस पोरं होती. कोणी सांगत होतं, इंग्रजीत नाव विचारतात. कोणी म्हणत होतं, आधी वजन करतात. आपल्याला त्या लांब खोलीत शेजारी शेजारी बसवलं. प्रत्येकापुढे केबलची दोन टोकं, त्यातून निघालेल्या तारा, आणि सांगणं एवढंच, की रंगाला रंग जोडा. पांढरी, निळी, काळी, पिवळी मला जमली. मग हिरवी आणि तपकिरी आली आणि माझे हात थांबले. तू मान वर न करता माझ्या पायावर पाय ठेवलास. एकदा दाबला तर हिरवी, दोनदा दाबला तर तपकिरी. हे आपलं ठरलेलंही नव्हतं, तरी मला कळलं. माझी एकही तार चुकली नाही. तुझ्या तर केव्हाच जोडून झाल्या होत्या.

त्यानंतर परीक्षेवर लक्ष ठेवणाऱ्या पिंगळेसाहेबांनी एकेकाला आतल्या खोलीत बोलावलं. माझा नंबर आधी होता. मी बाहेर आलो आणि तुझा नंबर आलाच नाही. शिपायाने तुला दारातूनच सांगितलं, तुम्ही जा. का जा, ते सांगितलं नाही. फाटकाबाहेर तू चणे घेतलेस, अर्धे मला दिलेस आणि म्हणालास, साहेबाला माझा पाय दिसला वाटतं. आणि हसलास. तेव्हापासून तू हे सगळीकडे सांगत आलास. माझ्या लग्नात सांगितलंस, मुलीच्या बारशाला सांगितलंस. तू म्हणायचास, माझा पाय लांब म्हणून माझी नोकरी गेली आणि याची लागली. लोक हसायचे. आमची ही, पुतळी, असेपर्यंत दरवेळी पदर तोंडाला लावून हसायची. मीही हसायचो.

तुला एक गोष्ट मी कधी सांगितली नाही. तारा जोडण्याच्या खात्यात मी फक्त तीन महिने होतो. मग साहेबांच्या मागे लागून ड्रमवर केबल गुंडाळायच्या खात्यात बदली करून घेतली. तिथे केबल बाहेरून सगळी काळी. कारखाना बंद पडेपर्यंत, तीस वर्षं, मला एकदाही रंग ओळखावा लागला नाही. आणि रंग ओळखणारा तू उल्हासनगरला धर्मेशशेठच्या कापडाच्या मॅचिंग सेंटरमध्ये उभा राहिलास. पुतळी सांगायची, बाई पदराचं नुसतं सूत घेऊन आली तरी अनंताभावजी चाळीस हिरव्यांतून नेमका तागा काढून समोर टाकतात. शेठ म्हणायचे, इसकी आंख में मीटर है. पहिल्या दिवाळीपासून तू मला तिथून शर्टाचं कापड आणतोस. रंग तू सांगतोस आणि मी तोच मानतो.

तर, त्या तिसऱ्या मुलाखतीला मी साईनाथबरोबर गेलो. त्याची आई नको म्हणत होती, पण घरी बसून मला धडकी भरली असती. वाटेत मी त्याला दहा वेळा बजावलं, डोळ्यांबद्दल एक शब्द बोलू नकोस. खाली काचेच्या मोठ्या खोलीत मला बसू दिलं, पाणीही दिलं. वर जाऊन आलेली मुलं तिथेच येऊन बसत होती. राजसी नावाच्या मुलीला म्हणे विचारलं, टॉवर काय करतो ते तुझ्या आजीला समजेल असं सांग. ती म्हणाली, सांगितलं, पण माझ्या आजीला नसतं समजलं. सनी म्हणून एकजण होता, त्याला एका प्रश्नाचं उत्तर येईना. त्याने सरळ माहीत नाही म्हटलं आणि आता नखं खात बसला होता. मी त्याला म्हटलं, अरे बाबा, काहीतरी ठोकून द्यायचंस. तो म्हणाला, अंकल, वो लोग पकड लेते हैं. ही मुलं एकमेकांना सगळं सांगत होती, काय विचारलं, काय आलं नाही. आपल्या वेळी आतून आलेला माणूस तोंड मिटून निघून जायचा.

साईनाथ दीड तासाने खाली आला. त्याच्यापुढे केसाएवढ्या बारीक काचेच्या तारा ठेवल्या होत्या, बारा रंगांच्या. तो म्हणाला, सर, मला यातले दोन रंग वेगळे दिसत नाहीत. तुम्ही एकदा सांगा, मी कागदाच्या चिठ्ठ्यांवर आकडे लिहून लावून घेतो, मग चुकणार नाही. त्यांनी सांगितलं. त्याने आकडे लावले आणि जोडून दिलं. अनंता, एवढंच होतं रे. तोंडाने विचारायचं आणि समोरच्याने सांगायचं. तो म्हणाला, आजोबा, ते म्हणाले आमच्याकडे असे आणखी दोघं आहेत.

पण तो तेवढ्यावर थांबला नाही. त्याने त्यांना तुझ्या पायाची गोष्टही सांगितली. अगदी तुझ्यासारखी, पँटीच्या सुतळीसकट. सगळे हसले. त्यांच्यातल्या एका बाईंनी मात्र विचारलं, टेबलाखालचा पाय साहेबांना दिसला कसा? तोच प्रश्न साईनाथने परत येताना मला विचारला. आजोबा, कसा दिसला हो? तेव्हापासून मला झोप लागत नाही, गोळी घेऊनही नाही.

कारण त्या टेबलांना पुढून जमिनीपर्यंत फळी होती. तुला आठवत नसेल, मला तिच्यावरचे खिळेसुद्धा आठवतात. पाय कोणालाच दिसला नव्हता. पिंगळेसाहेबांनी मला आत एवढंच विचारलं, तुझं काम चोख आहे, पण तू मधे मधे थांबत का होतास? मला डोळ्यांचं सांगता आलं असतं. मी म्हणालो, शेजारचा सारखा विचारतो साहेब, म्हणून थांबावं लागलं. त्यांनी तुझं नाव विचारलं. मी सांगितलं. मग त्यांनी कागदावर एक रेघ मारली. तू माझ्यासाठी पाय पुढे केलास आणि मी तुला कॉपी करणारा ठरवून आलो, आणि बाहेर येऊन तुझे चणे खाल्ले. एकोणपन्नास वर्षं तू माझी अब्रू राखणारी गोष्ट सांगत आलास आणि मी ती तुला सांगू दिली. रविवारी सगळे तुला तीच सांगायला लावतील, साईनाथ तर हट्टच धरेल, आणि ती पुन्हा ऐकत बसणं माझ्याच्याने होणार नाही. म्हणून हे पत्र. साईनाथला अजून काही बोललो नाही, तुझ्याआधी कोणाला कळणं बरोबर नव्हतं. रविवारी मीच सगळ्यांसमोर सांगणार आहे, तू आलास तरी आणि नाही आलास तरी. अंगात तू गेल्या दिवाळीला दिलेल्या कापडाचा शर्ट असेल. मला तो हिरवाही दिसतो आणि तपकिरीही. तू हिरवा म्हणालास, म्हणून मी सगळ्यांना हिरवा सांगतो.

तुझाच,
सदू