देवाला विचारून मिळालेला होकार

अप्पा, कुंभकोणातल्या आपल्या घरी बोलायचं मराठी आणि लिहायचं तमिळ, त्यामुळे तुम्हाला मराठीत लिहायची ही पहिलीच वेळ. मदुराईहून मी पाठवायचे ती पत्रं तमिळमध्ये असायची, आणि त्यांत तब्येत, मेसचं जेवण आणि सुट्टीला कधी येणार यापलीकडे काही नसायचं. पुढे नोकरीसाठी पुण्याला राहिले तेव्हा लिहायचं मराठी शिकले. आपलं घरचं बोलणं त्यात नीट बसत नाही, म्हणून तुमची आणि मोठ्या काकांची वाक्यं जरा सरळ करून लिहिते आहे.

तुमचं आणि काकांचं बोलणं बंद झालं तेव्हा मी शाळेतही जात नव्हते. आईने सांगितलं तेवढंच मला माहीत आहे. आजोबा गेल्यावर भजन सुरू करायचा मान थोरले म्हणून काकांकडे आला, पण आवाज तुमचा होता. एका एकादशीला काका घसा साफ करत होते तेवढ्यात तुम्ही अभंग उचललात. काकांनी हातातले जाल्रा, म्हणजे आपल्या झांजा, खाली ठेवले आणि ते उठून घरी गेले. एवढंच झालं. त्यानंतर तुम्ही दोघंही एकमेकांशी बोलला नाहीत. विठोबाची मूर्ती मात्र दोघांची होती. ती एक वर्ष आपल्याकडे, एक वर्ष पलीकडच्या गल्लीत काकांकडे. आषाढी एकादशीचा उपास झाला की द्वादशीला ज्याच्या घरी मूर्ती असेल त्याने दुसऱ्याच्या घरच्यांना पारण्याला बोलवायचं, आणि जेवणं झाल्यावर मूर्ती हवाली करायची. त्या दिवशी वर्षभराचे सगळे विषय निघायचे: घराचा कर, कुणाचं लग्न, विहिरीचा गाळ. पण बोलायचं कसं? मग तुम्ही दोघं विठोबाशी बोलायचा. एकाने देवाला सांगायचं, दुसऱ्याने ते ऐकून देवालाच उत्तर द्यायचं. आम्हा मुलांना त्यात काही विचित्र वाटायचं नाही. सगळ्याच घरी असं असतं असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

मी बी.ए. झाले त्या वर्षी मूर्ती आपल्याकडे होती. मदुराईच्या विद्यापीठातून प्रवेशाचं पत्र आलं होतं आणि पुढच्या आठवड्यात तिथे हजर व्हायचं होतं. तुम्ही आपल्या दिव्यांच्या दुकानातून जेवायला आलात तेव्हा मी पत्र पुढे ठेवलं. तुम्ही ते वाचून घडी घातली. "थोरल्याला विचारल्याशिवाय घरातली मुलगी गावाबाहेर पाठवत नाहीत," म्हणालात. मी म्हटलं, "मग विचारा ना." "द्वादशी येऊ दे," म्हणून तुम्ही हात धुवायला गेलात. तुम्हाला स्वतःला काय वाटतं ते मी विचारलं नाही. तशी आपल्यात पद्धतच नव्हती.

द्वादशीला मी स्वयंपाकघराच्या दारात उभी आहे. आत आई आणि काकू अगत्तीच्या, म्हणजे हादग्याच्या, पानांची भाजी परतत कुणाच्या तरी सुनेबद्दल बोलत आहेत. त्यांचं बोलणं एक दिवसही बंद पडलेलं नव्हतं. बाहेर तुम्ही आणि काका शेजारीशेजारी पानावर बसला आहात, समोर देव्हारा.

"विठोबा, पोरगी एम.ए. करायचं म्हणते," तुम्ही म्हणालात. "मदुराईला."

काका भात कालवत म्हणाले, "देवा, कुंभकोणातलं कॉलेज बुडालं काय?"

"तो विषय इथं नाही, विठोबा."

"कोणता विषय तो, कळू तरी दे देवा."

तुम्हाला नाव आठवेना. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी म्हटलं, "शांतता आणि संघर्ष. माणसांची भांडणं का होतात आणि कशी मिटतात, ते."

आत काकूंच्या हातातला डाव थांबला आणि त्या तोंडाला पदर लावून हसल्या. काका हसले नाहीत. "देवा, भांडण शिकायला बसभाडं खर्चून मदुराईला कशाला? याच्या ओसरीवर फुकट शिकवतात."

"ओसरीवर पहिला धडाच होतो, विठोबा," तुम्ही म्हणालात. "पुढचा इथं कुणाला येत नाही."

मग तुम्ही दोघं परत जेवणाकडे वळलात. मला वाटलं, संपलं. शेवटी काकूच आतून ओरडल्या, "अहो देवा, पायसम निवतंय. हो की नाही ते एकदा सांगून टाका, पोरगी किती वेळ उभी आहे!"

काकांनी पायसम संपवलं. "देवा, बायकांचं हॉस्टेल वेगळं आहे का?" आहे, असं तुम्ही विठोबाला सांगितलंत. "मग दिवसाच्या गाडीने पाठवावं. रात्रीची बस नको." "बरं, विठोबा," तुम्ही म्हणालात आणि पान उचलायला उठलात. माझ्याकडे पाहिलं नाहीत. माझं जाणं असं ठरलं.

निघायच्या आदल्या दिवशी तुम्ही दिव्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या नाचियार्कोविलहून एक छोटा पितळी हातदिवा आणून पिशवीत ठेवलात. हॉस्टेलमध्ये तेल-वात लावायला बंदी होती. दोन वर्षं मी त्याच्याखाली कागद दाबून ठेवले.

तिथे आम्हाला मध्यस्थी शिकवली. दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवायचं, प्रत्येकाला बोलू द्यायचं, ऐकलेलं परत सांगायला लावायचं. पहिल्या वर्षाच्या सुट्टीत घरी आले आणि दुकानात तुम्हाला म्हटलं, "एकदा काकांना बोलावते, तुम्ही दोघं बसा, मी मध्ये बसते." तुम्ही समईची पाकळी फडक्याने पुसत होतात. "तू आम्हाला भेटायला येतेस की तपासायला?" म्हणालात.  मग पाकळी समईवर चढवत तुम्हीच म्हणालात, "तो बोलला तर पहिलं त्या एकादशीचंच बोलेल. मग मीही बोलेन. मग पुढच्या आषाढीला मूर्ती आणायला कोण जाईल?" तुमचं ते म्हणणं तेव्हा मला पटलं नाही. आजही अर्धंच पटतं. पण परत विषय काढला नाही.

तुम्ही गेलात तेव्हा मी नोकरीला लागले होते. दुपारी पोचले. तुम्हाला ओसरीवर ठेवलं होतं. काका आले, तुमच्या डोक्याशी बसले आणि तुम्हाला लहानपणच्या नावाने हाक मारून बोलू लागले. तुमच्याशी सरळ बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते. लोक कान देऊन ऐकायला लागले, तेव्हा मी सगळ्यांना आत घेतलं आणि दार ओढून घेतलं. काय बोलले ते मीही ऐकलं नाही.

आता मी हाच विषय शिकवते. परवा वर्गातल्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, तुम्हाला घरून नाही म्हणाले असते तर?" तिच्या घरी तिच्या शिक्षणावरून तेच चाललं होतं. मी म्हटलं, "तरी गेले असते." तिला धीर यावा म्हणून म्हटलं, आणि असं मी याआधीही पुष्कळ मुलींना सांगितलं आहे. पण खरं तसं नाही, अप्पा. त्या दिवशी पानावरून उठताना तुम्ही 'नको' म्हणाला असतात, तर मी पत्र परत कपाटात ठेवलं असतं आणि पुन्हा नाव काढलं नसतं. तुम्ही 'बरं' म्हणालात तेही मला नाही, देवाला. एकदा माझ्याकडे बघून 'जा' म्हणायला हवं होतंत, एवढंच मला वाटत राहिलं.