बुचांचा क्लच

रविवार संध्याकाळ, कॅम्प ४

चढली. आजोबांची मोटारसायकल आज पुलाचा चढ चढली, आणि मागे काका बसले होते.

हाताला अजून बुचांचा वास येतोय. इतक्या जुन्या गाडीच्या क्लच प्लेटमध्ये बुचाचे तुकडे असतात. ते झिजले की चढावर इंजिन नुसतं ओरडतं, गाडी पुढे सरकत नाही. पार्ट कुठेच मिळत नाही. म्हणून काकांनी उद्या भंगारवाल्याला बोलावलंय. मला न विचारता. का? मी नुसत्या कथा लिहिते म्हणून?

मग मीच एका केटररकडून वाइनच्या बाटल्यांची बुचं आणली, उकळली, कापून प्लेटमध्ये बसवली. आईने पातेल्यात बघितली. "एवढ्या बाटल्या प्यायलं कोण गं?"

काका हसले. "बुचांवर गाडी चालते का, वेडे?"

"बसा मागे."

पुलावर मागून सीट घट्ट धरून बसले. उतरल्यावर म्हणाले, "झिजतील लवकरच."

झिजू देत. पुन्हा कापीन. काकांच्या शनिवारच्या बाटल्यांना पत्र्याची झाकणं असतात, नाहीतर त्यांच्याकडूनच घेतली असती.

उद्या भंगारवाला आला की दार मीच उघडणार. गाडी नहीं मिलेगा भैया. बूच मिला तो लाना.