घसा साफ करण्याविषयी

चि. अद्वय यास कल्याणहून हरिहरकाकाचे आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक, म्हणजे तुझ्या आईचे गुडघे आणि माझा दमा आपापल्या जागी आहेत. तुझ्या घशाची चौकशी करत नाही, कारण रविवारी संध्याकाळी तो मी स्वतः ऐकला. हो, वागळे इस्टेटमधल्या त्या बंद कारखान्याच्या शेडमध्ये तुझ्या बँडच्या कार्यक्रमाला मी आलो होतो. वर्षभरात ठाण्यातल्या कोलशेतहून इकडे यायला तुला सवड झाली नाही, तेव्हा म्हटलं आपणच जावं. घाटावरचे विधी उरकून धोतर-उपरण्यात तसाच निघालो. दारावरच्या मुलांना मी तुमच्या बँडपैकीच वाटलो. एकाने माझ्याबरोबर फोटो काढला, दुसऱ्याने जीभ बाहेर काढून नमस्कार केला (मी आशीर्वाद दिला, सवय).

आता गाण्यांबद्दल. तीस वर्षं मी लोकांचे दहावे-बारावे करतोय, तेव्हा विषय माझाच आहे. चौदा गाण्यांत तुम्ही प्रेत, कवटी आणि किडे यांच्यापलीकडे गेला नाहीत. हेही माझ्या लेकीने, दर्शनाने, मोबाइलवर शब्द दाखवले म्हणून कळलं. ऐकून कळला तो एकच, 'मर'. आणि थडग्यातून उठतो तो कोण? आपल्या घरात आजवर कुणाला पुरलेलं नाही. मध्येच डुकरासारखं किंचाळणं, मग विहिरीत तोंड घातल्यासारखा घुमणारा शेवटचा शब्द, मग राक्षसाचं हसू. एका गाण्यात उलटं बोललास, तर पोरं काय नाचली! अरे, वेदांच्या घनपाठात आम्ही शब्द पुढून मागून म्हणतो, आणि तरी ते कळतात. शिवाय प्रत्येक गाण्याच्या आधी घशातून तो 'ह्ऽखाक्'. चौदा वेळा. मोजले.

पण राग त्याचा नाही. 'मी प्रेतं खातो' म्हणून गरजणारा तू, बापाच्या अस्थी वेचताना बोटभर हाड बघून आडवा झालास. घेरी येणं गुन्हा नाही, पैलवानांनाही येते. पण शेजारच्या दिपेशने रिक्षात घालून घरी आणलं आणि शुद्ध आल्यावर तू जो ठाण्याला गेलास, तो आजतागायत तिकडेच. दहाव्याचे पिंड मी ठेवले. भाऊच्या फोटोला हार घालताना तुझी आई रोज विचारते, अद्वयचं काही कळलं का. मी काय सांगू, कवट्या फोडतोय? मला तुझी लाज वाटली, अद्वय.

असो. जास्त लिहिलं असं वाटलं तर अर्धं गाळून हे लिहिलंय, हे ध्यानात घे.

हरिहरकाका

ता. क. येत्या गुरुवारी भाऊचं वर्षश्राद्ध आहे. तू येशील असं आम्ही धरलेलं नाही. (वडे किती जणांचे करायचे, हे तुझ्या आईला बुधवारी सकाळपर्यंत कळायला हवं.)

आणखी एक ता. क. तो 'ह्ऽखाक्' मला नवव्या गाण्याला ओळखू आला. भाऊ रोज पहाटे साडेपाचला बेसिनपाशी असाच घसा साफ करायचा. लहानपणी त्याची नक्कल केलीस म्हणून मार खाल्ला होतास. पुढची पाच गाणी मी तेवढ्यासाठीच बसलो. तुझी आई अजून साडेपाचला जागी होते आणि पडून राहते. पिंडांना हात लावायचा धीर नसला तर लावू नकोस, ते मी बघतो. बुधवारी मुक्कामाला ये, आणि पहाटे उठून बेसिनपाशी एकदा घसा साफ कर.