गरज नसली की आपोआप बंद

प्रिय राठोड सर,

घरातसुद्धा तुम्हाला ‘सर’ म्हटलेलंच आवडायचं, म्हणून आताही तेच लिहिते. पुढच्या आठवड्यात तुमचं वर्षश्राद्ध आहे. तुमच्या कॉम्प्युटर क्लासचे जुने विद्यार्थी सेनगावला येणार आहेत आणि सरांबद्दल काकूंनी, म्हणजे मी, दोन शब्द बोलावेत असं त्यांचं म्हणणं आहे. माझ्या मनात जे शब्द आहेत ते चारचौघांत बोलण्यासारखे नाहीत. शिवाय काल तुमच्या लिनक्सच्या मशीनमधली एक फाइल मी बदलून घेतली, तुम्हाला न विचारता. म्हणून हे पत्र.

किती मिरवायचात ते मशीन! पुढच्या खोलीत टेबलाखाली काळं खोकं, घरातल्या सगळ्या फायली त्याच्या पोटात. लाइट तासन्‌तास जायची, इन्व्हर्टरची बॅटरी उतरायची, म्हणून तुम्ही त्याला शिकवलंत: दर दहा मिनिटांनी घरातल्या बाकीच्या यंत्रांना हाक मारायची, कुणीच ओ दिली नाही तर आपली गरज नाही असं समजून आपणहून बंद व्हायचं. आल्यागेल्याला चहाच्या आधी हे ऐकावं लागायचं. ज्याच्या तांड्यावर धड वीज नव्हती त्या माझ्या भावालासुद्धा. “त्याला बराबर कळतंय, कवा गरज हाय अन् कवा न्हाई,” असं तुम्ही म्हणायचात. तुमच्यापेक्षा तरी जास्त कळत असेल, असं मी मनात म्हणायचे.

त्याच मशीनमध्ये माझी याडी होती, म्हणजे माझी आई. नव्वदच्या दशकात तांड्यावर जाऊन तुम्ही तिचा ढावलो टेप केलात. लग्नात नवरीनं माहेरच्या एकेकाच्या गळ्यात पडून रडत म्हणायचं ते गाणं. तांड्यातल्या पोरींना ते याडीच शिकवायची. टेप करायचं सुचलं ते तुम्हालाच, एवढं मान्य आहे मला. पण ती गेल्यावर तुम्ही ते मशीनमध्ये घातलंत आणि त्याच कॅसेटवर क्लासमधलं स्वतःचं भाषण भरलंत. “आता कॅसेटची काय गरज?” कशाची गरज आहे न् कशाची नाही, हे ठरवायचा मक्ता तुम्हाला कुणी दिला होता?

दुपारी तुम्ही क्लासला गेलात की मी ते मशीन चालू करायचे. तुम्ही दाखवलेली एक कळ दाबायची, मागच्या स्पीकरमधून याडी गायला लागायची. आणि बापाच्या गळ्यात पडायच्या ओळी आल्या की आवाज बंद, पंख्याची घरघर बंद. दर वेळी तिथंच. तुम्हाला सांगितलं तर काय म्हणालात?

“तूच काहीतरी दाबलं असशील.”

“मी काहून दाबीन? हात मांडीवर ठेवून बसते मी.”

“बघू नंतर.”

नंतर तुम्हाला हिंगोलीला दवाखान्यात नेत होतो, तर तुम्ही जीपमध्येच गेलात. पुढचं वर्षभर मी तेवढंच गाणं ऐकत राहिले.

शेवटी काल नसरीनला बोलावलं. तुमची विद्यार्थिनी, बसस्टँडजवळ आता तिचं स्वतःचं टायपिंगचं दुकान आहे. मशीननं कधी बंद व्हायचं ते लिहिलेली फाइल तिनं उघडली, खालपर्यंत वाचली आणि माझ्याकडे न बघताच बोलली.

“काकू, तुमी काईच दाबलं न्हाई. इथं यादी हाय. सरांचा कॉम्प्युटर, संतोषदादाचा कॉम्प्युटर अन् प्रिंटर. ह्यातलं एक जरी चालू असलं तर मशीन चालू ऱ्हातंय, न्हाईतर धा मिन्टांत बंद. म्होरं माणूस बसलंय का, ते कुटंच विचारलं न्हाई.”

प्रिंटर, सर. महिनोन्‌महिने फडक्याखाली झाकलेला प्रिंटर. तुमच्या कॉम्प्युटरला हात लावायची मला मनाई, आपला संतोष पुण्याला गेल्यापासून त्याचा बंद. मग रोज त्या खुर्चीत बसायची ती कोण होती? अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, पण तुम्हाला मी शहाणासुद्धा म्हणणार नाही आता.

“सरांना एवढं सुचलं न्हाई व्हय?” नसरीननं विचारलं. मी म्हटलं, सुचायला आधी बाई दिसावी लागते.

गाणं चालू असेपर्यंत मशीन बंद होणार नाही, असं तिनं दोन ओळींत करून दिलं. दोनच ओळी होत्या हो. मग आम्ही दोघी ऐकत बसलो. बाप झाला, भाऊ झाला, शेजारणी झाल्या. याडी थांबली, खोकली आणि आमच्या बोलीत म्हणाली की आता मायच्या गळ्यात पडायचं. कमल, हे ध्यान देऊन ऐक, हे मी अजून कुणालाच शिकवलं नाही.

आणि मग तुमचा आवाज. “बस बस, झालं. सेल उतरून राहिलेत.” आणि खट्.

मी इतकी वर्षं मशीनला शिव्या घातल्या. ते तरी दहा मिनिटं वाट बघायचं. त्या पुढच्या ओळी आता कुठंच नाहीत. माझ्या लग्नात मी याडीच्या गळ्यात पडले तेव्हा मला नुसतं रडू आलं होतं, शब्द फुटलेच नव्हते. तुमचा मला भयंकर राग येतो, आणि तुम्ही समोर नाही याचाही येतो.

वर्षश्राद्धाला तुमच्याबद्दल मी एक शब्द बोलणार नाही. पाहुणे जेवून गेले की नसरीन त्याच मशीनवर माझा आवाज टेप करायचं चालू करून देणार आहे, आणि याडी जिथं थांबली तिथून मी म्हणणार आहे. शब्द माहीत नाहीत, पण मायच्या गळ्यात पडायला लेकीला जे सुचेल ते म्हणेन. वेळ लागेल. सांगून ठेवते, माझं म्हणून संपेपर्यंत या घरात कुणालाही ते बंद करू देणार नाही.

कमल