प्रेताची शिंक

प्रिय ठोंब्या,

फोनवर तू 'सगळं ठीक ना?' विचारतोस, मी 'ठीक' म्हणते, की संपलं आपलं बोलणं. म्हणून आज पत्र. मी मजेत आहे. स्वयंपाकघराला नवा रंग दिला. डब्यावर पिस्त्यासारखा दिसत होता, भिंतीवर खोकल्याच्या औषधासारखा दिसतो, पण आता आवडायला लागलाय. बाबांचे गुडघे कुरकुरतात आणि बाबा त्याहून जास्त. तरी रोज फोटो स्टुडिओ उघडून बसतात. पासपोर्टच्या फोटोला कुणी आलंच, तर अजूनही त्याच करड्या आवाजात 'हसू नका' म्हणतात.

असो, नमनाला घडाभर तेल नको. गेल्या महिन्यात माझी लेक कॉलेजातून घरी आली ती हसतच. तिच्या फिल्म क्लबला एका बंद पडलेल्या थिएटरच्या अडगळीत जुना भुताचा सिनेमा सापडलाय. सुरुवातीची रिळं कुजलेली, त्यामुळे नाव नाही आणि कुणी काढला त्याचाही पत्ता नाही. पण पोरं त्याच्यापायी वेडी झालीत, दर रविवारी दुपारी खेळ लावतात. काथ्याचा टोप घातलेली चेटकीण मेलेल्या मुलाला मंत्र म्हणून उठवत असते आणि मंत्र पुरा व्हायच्या आतच ते प्रेत सणसणीत शिंकतं. लेक हे सगळं करून दाखवत होती आणि मी हातात घासलेलं भांडं तसंच धरून उभी होते.

तुला पुढचं काय सांगायचं? सात वर्षांचा तू, तोंडाला पीठ फासून टेबलावर आडवा. चेटकीण म्हणजे आपली आत्या. तिनं सूर जराही न बदलता, त्याच भेसूर आवाजात 'नाक पूस' म्हटलं आणि तू मेल्या मेल्याच चादरीला नाक पुसलंस.

बाबांनी तीन वर्षं खपून काढलेला सिनेमा, तोही लोकांना घाम फुटावा म्हणून. थिएटर मात्र खदाखदा हसलं आणि आठवड्याभरात सिनेमा उतरला. त्यानंतर घरात त्याचं नाव कुणी काढलं नाही, मग लेकीला तरी कुठून कळणार? कुणी सहज 'कुठे माशी शिंकली' म्हटलं, तरी तू उठून बाहेर जायचास. मोठा झालास, लांबची नोकरी धरलीस. येतोस दोन दिवस आणि बाबांशी बोलतोस ते हवेबद्दल, नाहीतर गोळ्यांबद्दल. का ते तू मला एकदाच सांगितलंयस, माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी. बाबांचं स्वप्न आपण एका शिंकेत उडवलं, असं म्हणाला होतास. मी तेव्हा तुला वेड्यात काढलं, पण तुझा चेहरा विसरले नाही.

बाबांना सांगावं की नाही, या विचारानं माझं कशात लक्ष लागेना. या वयात त्यांनी पुन्हा तेच हसू ऐकायचं? शेवटी मी लेकीला सगळं सांगितलं आणि तिनंच आजोबांना गाठलं. त्यांनी फक्त इस्त्रीचा शर्ट मागितला.

हॉल गच्च भरला होता. मी पडद्याकडे पाहतच नव्हते, बाबांकडे पाहत होते. चेटकिणीनं हात वर केले तशी पोरांनी खिशातून रुमाल काढले. तू शिंकलास, तुझ्याबरोबर अख्खा हॉल शिंकला आणि सगळ्यांनी एका सुरात फर्मान सोडलं, 'नाक पूस!' बाबा खुर्चीचे हात घट्ट धरून बसले होते. मग त्यांचे खांदे हलायला लागले. अरे, ते हसत होते! डोळ्यांना पाणी येईस्तोवर हसले आणि मग नातीचा रुमाल मागून घेतला.

खेळ संपल्यावर बाहेर बाकावर बसलो, तेव्हा मी धीर करून तुझं ते बोलणं त्यांना सांगितलं. तर म्हणाले, "अगं, ती शिंक मी मुद्दाम ठेवली. त्याला सर्दी झाली होती, म्हणून दुसऱ्या दिवशी शेजारच्या मुलाला झोपवून तोच प्रसंग पुन्हा घेतला होता मी. तो बिचारा हललासुद्धा नाही. पण अख्ख्या सिनेमात जिवंत असं काही असेल, तर ती शिंकच होती. मला कापवेना." आणि इतकी वर्षं त्यांची समजूत काय, तर पोराला आपल्या पडेल बापाची लाज वाटते, म्हणून तो येत नाही. तुम्हा बापलेकांपुढे मी हात टेकले.

आता पत्राचं खरं कारण सांगते. काल क्लबची पोरं घरी आली होती. पुढच्या महिन्यात मोठा खेळ आहे आणि त्यांना बाबांना स्टेजवर बसवायचंय. बाबांनी अट घातलीय की प्रेत शेजारी बसणार असेल तरच येईन. ते तुला स्वतः लिहिणार नाहीत, पण सकाळपासून तीनदा विचारून झालंय, पत्र टाकलं का म्हणून. तेव्हा ये. या खेपेला दोन दिवसांची रजा चालायची नाही. आणि रुमाल आण, बाबांना दुसऱ्याचा मागावा लागतो.

वाट पाहणारी, तुझीच
ताई